टाकीतला पाचवा हिस्सा

बेज्जूरहून कागजनगरला जाणाऱ्या जंगलातल्या रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसणारे वाहन म्हणजे शंभर-एकशेदहा सीसीची मोटरसायकल. पूर्वी तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात असलेला आणि २०१६ च्या फेररचनेत कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेला हा बेज्जूर मंडल प्राणहितेच्या काठाला आहे. नदीपलीकडे गडचिरोलीचा अहेरी तालुका. तेलुगू, गोंडी आणि मराठी इथल्या बाजारात सहज एकमेकींत मिसळतात. आरटीसीच्या बसची वाट बघत बसण्यापेक्षा कापसाच्या बियाण्याची थैली, दवाखान्यात न्यायचे म्हातारे माणूस, शाळेत सोडायची पोरे असे सगळेच दुचाकीवर लादले जाते. हौस म्हणून गाडी फिरवणारा इथे क्वचितच. त्यामुळे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्याने गाडीचे काय होते, हा प्रश्न बेज्जूरसारख्या ठिकाणी पर्यावरणाचा होण्याआधी महिन्याच्या खर्चाचा होतो.

देशभरच्या दुचाकीस्वारांत या प्रश्नावर २०२५ सालभर जी चर्चा पेटली, तिची सुरुवात मात्र पंचवीस वर्षे मागे जाते, आणि तीही महाराष्ट्रात. २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातल्या बरेलीजवळच्या आंवला इथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प झाले. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू करण्यात आले, पण साखर कमी पडली की मळी कमी, मळी कमी की इथेनॉल कमी, अशा रडतखडत चालीने २०१४ मध्येही प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच होते. कल्पना त्याहूनही जुनी. पॉवर अल्कोहोलचा स्वतंत्र कायदा १९४८ मध्येच झाला होता. तो २००० मध्ये रद्द झाला आणि लगेच पुढच्या वर्षी मिरज-मनमाडचा प्रयोग सुरू झाला, हा योगायोग मजेचा आहे.

खरा वेग आला २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर. २०३० साठी ठेवलेले २० टक्क्यांचे उद्दिष्ट आधी २०२५-२६ वर ओढले गेले. जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले, ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा प्रारंभ ८४ पंपांवर झाला आणि २०२५ च्या मध्यापर्यंत देशभर २० टक्के मिश्रण पोहोचल्याचे पेट्रोलियम मंत्र्यांनी जाहीर केले. टाकीतला पाचवा हिस्सा पेट्रोल राहिलेला नव्हता. गोंधळ तिथेच सुरू झाला, कारण ज्या गतीने पंप बदलले त्या गतीने गाड्या बदलत नाहीत. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ई-२० ला टिकणारे रबर-प्लास्टिक आले. इंजिनच त्या मिश्रणासाठी जुळवून घेण्याची मुदत एप्रिल २०२५ ची होती. त्याआधीच्या बहुतेक दुचाक्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचाच उल्लेख सापडतो. आणि गावाकडे दहा-बारा वर्षांची मोटरसायकल म्हातारी मानली जात नाही, ती हातात बसलेली मानली जाते.

लोकांची पहिली तक्रार अॅव्हरेजची. लोकलसर्कल्स या संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत २०२२ किंवा त्याआधी पेट्रोल गाडी घेतलेल्यांपैकी दर तिघांतले दोघे ई-२० च्या सक्तीविरुद्ध होते. काही आठवड्यांनी त्याच संस्थेच्या दुसऱ्या पाहणीत अशा दहा मालकांपैकी आठांनी गाडीचे अॅव्हरेज घटल्याचे सांगितले. ही पाहणी इंटरनेटवरची, म्हणजे तिच्यात शहरी मोटारवाल्यांचा आवाज मोठा. बेज्जूरच्या शेतकऱ्याने तिच्यात मत नोंदवले असण्याची शक्यता कमीच. तरी तक्रार खोटी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही, कारण सरकारी कागदपत्रेही तिचा गाभा मान्य करतात.

हिशेब सोपा आहे. एक लिटर इथेनॉलमधून एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच उष्णता मिळते. पाचवा हिस्सा इथेनॉल आला की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी होते. त्यातली काही तूट इंजिन भरून काढते. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये काढलेल्या इथेनॉल आराखड्यात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के आणि चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती. शंभर सीसीची गाडी साठचे अॅव्हरेज देत असेल आणि पाच टक्के घटून सत्तावन्नवर आली, तर महिन्याला बाराशे किलोमीटर फिरणाऱ्याला वीसऐवजी एकवीस लिटर पेट्रोल लागते. तेलंगणात पेट्रोलवर ३५.२० टक्के व्हॅट आहे, हैदराबादेतला २०२५ चा दर १०७ रुपयांच्या वर. म्हणजे महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांचा फटका. मोटारवाल्याला तो जाणवणार नाही. मजुरीला जाणाऱ्याला जाणवतो.

मग पंधरा-वीस टक्के अॅव्हरेज गेल्याच्या ज्या तक्रारी कानावर येतात त्यांचे काय? केवळ इथेनॉलच्या गणितात त्या बसत नाहीत. टायरमधली कमी हवा, ढिली साखळी, घासलेली क्लचप्लेट यांनीही तेवढा फरक पडतो आणि दोष मात्र नव्या इंधनाच्या माथी जातो. पण एक वाट अशी आहे जिथून मोठी घट खरोखर येऊ शकते, आणि ती जुन्या गाडीच्या कार्ब्युरेटरमधून जाते.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले तेव्हापासून बहुतेक मोटरसायकलींत इंधन इंजेक्शनने जाते. धुरातला ऑक्सिजन मोजून इंजिन स्वतःच पेट्रोल कमी-जास्त करते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. त्याच्या जेटचे भोक कारखान्यात ठरलेले. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच भोकातून आलेले मिश्रण आता गरजेपेक्षा पातळ ठरते. गाडी गरम होते, पिकअप मरतो, थंडीत सकाळी चोक ओढून चार किका जास्त माराव्या लागतात. शिवाय इथेनॉल चांगला विद्रावक आहे. वर्षानुवर्षे टाकीच्या तळाशी बसलेला चिकट थर आणि गंज तो सोडवतो आणि तो मळ जेटमध्ये जाऊन अडकतो. जुन्या रबराचे ओरिंग फुगतात, पॅकिंग गळते, कार्ब्युरेटरच्या जस्त-अॅल्युमिनियमच्या अंगावर पांढरी भुकटी धरते. मेकॅनिककडे आलेली अशी गाडी साफ करून, मेन जेट एक नंबर मोठा टाकून, रबरी सामान बदलून पुन्हा ठीक चालते. खर्च काही शेकड्यांचा. प्रश्न एवढाच की तो खर्च कुणी करायचा हे कुणी सांगितलेले नाही.

पेट्रोलियम मंत्रालयाची बाजू ऑगस्ट २०२५ च्या दोन सविस्तर निवेदनांत आली. त्यांत इंजिन खराब होण्याची भीती निराधार ठरवली होती, विमा रद्द होईल ही समाजमाध्यमांवरची आवईही खोडून काढली होती. काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅसकिट बदलावे लागतील, ते स्वस्त आहेत आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जातात, असे मात्र त्याच निवेदनांत मान्य केले होते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०८ च्या पुढे असल्याने गाडी अधिक जोमाने पळते, हाही दावा होता. तो अर्धा खरा आहे. जास्त ऑक्टेनचा फायदा जास्त दाबाच्या, त्यासाठी जुळवलेल्या इंजिनाला मिळतो. साध्या कम्युटर गाडीचे इंजिन त्यासाठी बनलेलेच नसते, त्यामुळे वाढीव ऑक्टेन तिथे वाया जातो.

सप्टेंबर २०२५ मध्ये दोन घटना पाठोपाठ घडल्या. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा आणि पंपावर मिश्रणाचे प्रमाण लिहावे, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ तारखेला फेटाळली. त्याच महिन्यात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी वाहन उत्पादकांच्या परिषदेत, ई-२० विरुद्धचा समाजमाध्यमांतला प्रचार पैसे देऊन चालवलेला आहे, असे सांगितले. प्रचार कुणी चालवला असेल-नसेल. पण ज्याची गाडी सकाळी सुरू होत नाही त्याला गप्प करायला हे उत्तर पुरत नाही.

गावाकडे एक अडचण शहरी वादात फारशी येत नाही. पंपापासून दूरच्या गावांत पेट्रोल किराणा दुकानात किंवा रस्त्याकडेच्या टपरीवर बाटलीतून विकले जाते. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या, सैल झाकणे, कधी उन्हात तर कधी पावसाच्या दमट हवेत ठेवलेला माल. साधे पेट्रोल हे सहन करते, इथेनॉल करत नाही, कारण ते हवेतली ओल शोषते. ई-२० मध्ये ई-१० पेक्षा थोडे अधिक पाणी मावते हे खरे, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी उतरतात आणि वर कमी ऑक्टेनचे पेट्रोल तरंगते. टाकीचा नळ तळातून ओढतो, म्हणजे इंजिनात आधी जाते ते पाणीच. पावसाळ्यात आठवडाभर न हललेली, अर्धी रिकामी टाकी असलेली गाडीही याच वाटेने जाते. त्यावर खरे तर चार ओळींची सूचना पुरे होती: टाकी भरलेली ठेवा, बाटलीतले पेट्रोल टाळा, गाडी फार दिवस उभी ठेवू नका, फिल्टर तपासा. तेलुगूत, मराठीत, गोंडीत ती पंपावर लावली असती तर अर्धा राग विरला असता.

दुसरा राग दराचा आहे, आणि तो जास्त सयुक्तिक आहे. नीती आयोगाच्याच आराखड्यात असे सुचवले होते की मिश्रित इंधनातली ऊर्जा कमी, म्हणून त्याची किरकोळ किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावी. प्रत्यक्षात दर तोच राहिला. मंत्रालयाचे उत्तर असे की २०२०-२१ मध्ये इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते, आता नाही. जुलै २०२५ अखेर इथेनॉलचा सरासरी खरेदी खर्च वाहतूक व जीएसटीसह लिटरला ७१.३२ रुपये पडत होता, शुद्धीकरण कारखान्यातून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा जास्त. मक्यापासूनच्या इथेनॉलला सर्वाधिक, ७१.८६ रुपये दर दिलेला होता. म्हणजे शेतकऱ्याला आणि कारखान्याला चांगला भाव द्यायचा, आयात वाचवायची, हे धोरण; आणि त्याची किंमत लिटरमागे अदृश्यपणे भरणार दुचाकीवाला. राष्ट्रहितासाठी भरायलाही त्याची ना नसेल. पण भरतोय हे त्याला सांगायला हवे होते. शहरातल्या बुलेटवाल्यांनी आपला मार्ग शोधला: काही कंपन्यांचे १०० ऑक्टेनचे, इथेनॉलविरहित म्हणून विकले जाणारे पेट्रोल, लिटरला दीडशेच्या वर. बेज्जूरच्या बाजूला तो पर्याय नाही, आणि असता तरी परवडला नसता.

सरकारचे फायद्याचे आकडे लहान नाहीत. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले, सुमारे २४५ लाख टन कच्च्या तेलाची जागा इथेनॉलने घेतली, ७३६ लाख टन कार्बन डायऑक्साइड कमी झाला, असे मंत्रालय सांगते. उसाच्या इथेनॉलचे हरितगृह वायू पेट्रोलच्या तुलनेत ६५ टक्के, मक्याच्या इथेनॉलचे ५० टक्के कमी, हाही नीती आयोगाच्या अभ्यासाचा दाखला. परंतु त्याच आयोगाच्या आराखड्यात असेही लिहिलेले आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. मराठवाड्यात हा आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्याला तर या पाण्याच्या प्रश्नाने थेट रस्त्यावर आणले. कल्याणहून नांदेड, भोकर, भैंसामार्गे निर्मलकडे येणाऱ्या महामार्गावर दिलावरपूर हे गाव आहे. तिथे इथेनॉल कारखान्याचे बांधकाम सुरू झाल्यावर दिलावरपूर, गुंडमपल्ली आणि आसपासच्या गावांनी दीर्घकाळ विरोध चालवला होता. पाणी, दुर्गंधी आणि पिकांवरचा परिणाम ही त्यांची भीती. २६ नोव्हेंबर २०२४ ला लोकांनी निर्मल–भैंसा रस्ता अडवला. समजूत घालायला आलेल्या महसूल अधिकाऱ्यांची गाडी तासन्तास वेढून ठेवली. दुसऱ्या दिवशी राज्य सरकारला काम थांबवण्याचे आदेश द्यावे लागले. तेलंगणात हे एकच उदाहरण नाही. नारायणपेट जिल्ह्यातल्या चित्तनूरच्या कारखान्याविरुद्धच्या आंदोलनात ऑक्टोबर २०२३ मध्ये पोलिसांशी चकमक झाली, आणि जून २०२५ मध्ये गदवाल जिल्ह्यातल्या पेद्द धनवाड्यातही वातावरण तापले.

रस्ता अडवणाऱ्यांतले कितीतरी जण मोटरसायकलवरच आले असतील. आपल्या टाकीत जाणाऱ्या इंधनाचा कारखाना आपल्या शिवारात नको, यात विसंगती शोधणे सोपे आहे. पण ज्या जिल्ह्याला ‘जल, जंगल, जमीन’ म्हणणाऱ्या कोमरम भीमांचे नाव आहे, त्याच्या शेजारी हरित ऊर्जा म्हणजे आधी पाणी कुणाचे, हा प्रश्न येणारच. दिल्लीत मोजलेला कार्बन आणि दिलावरपूरला मोजलेले पाणी ही दोन वेगळी खाती आहेत, आणि दुसरे खाते कुठल्याच निवेदनात मांडलेले दिसत नाही.

शेतीची बाजूही सरळ नाही. ७ डिसेंबर २०२३ च्या आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि धान्यावरचा, विशेषतः मक्यावरचा भार एकदम वाढला. मक्याला भाव मिळाला, कोंबडी खाद्यवाले ओरडले, देशाला मका आयात करावा लागला. पुढे २०२५ च्या खरिपात मात्र कर्नाटकात मक्याचा भाव २,४०० रुपयांच्या हमीभावाखाली घसरून शेतकऱ्यांना आंदोलन करावे लागले. दुसरीकडे धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्यात स्वस्तात शिरला आणि सोयाबीनच्या पेंडीची मागणी पडली. बेला, जैनद, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यातल्या सोयाबीन उत्पादकाने २०२४-२५ मध्ये ४,८९२ रुपयांचा हमीभाव असताना चार हजारांच्या आसपास माल विकला, त्यामागच्या अनेक कारणांत हेही एक आहे. अन्नदाता ऊर्जादाता झाला म्हणताना हा कोपरा झाकला जातो.

या भागाला अधिक जवळचा मार्ग आसाममध्ये दिसतो. नुमालीगड इथे बांबूपासून इथेनॉल बनवणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. हरयाणातल्या पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढण्याचा प्रकल्प २०२२ मध्येच राष्ट्रार्पण झाला. बांबू आणि भाताचा पेंढा, दोन्ही प्राणहितेच्या दोन्ही काठांना मुबलक. कागजनगरची सिरपूर पेपर मिल २०१४ मध्ये बंद पडून २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली, पलीकडे बल्लारपूरची मिल आहे. बांबू तोडून कारखान्यात पोहोचवण्याचे तंत्र इथल्या लोकांना शिकवावे लागणार नाही. अन्न न जाळता, पाणी न उपसता इंधन निघत असेल तर विरोधाची धार बोथट होईल. ही दुसऱ्या पिढीची पद्धत महाग आहे, म्हणून ती मागे पडली आहे. पैसा जायला हवा तो तिकडे.

बाहेरच्या देशांत दुचाकीस्वाराला कसे वागवतात हे बघण्यासारखे आहे. अमेरिकेत १५ टक्के इथेनॉलचे पेट्रोल २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींना चालते, मोटरसायकलींना ते वापरण्यास बंदी आहे आणि तसे पंपावर लिहावे लागते. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये ई-१० आणले तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई-५ पंपावर राखून ठेवले. ब्राझीलचे उदाहरण आपल्याकडे वारंवार दिले जाते. तिथे १९७५ पासूनची परंपरा आहे, ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल आहे, होंडाने २००९ मध्येच दोन्ही इंधनांवर चालणारी मोटरसायकल विकायला काढली. पण तिथल्या पंपावर पेट्रोल आणि इथेनॉलचे दर वेगवेगळे लिहिलेले असतात, आणि इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून स्वस्त असेल तरच घ्यायचे हा हिशेब लोकांना तोंडपाठ आहे. ब्राझीलकडून टक्केवारी उचलली, पाटी उचलली नाही.

आपल्याकडेही अशा गाड्या नाहीत असे नाही. टीव्हीएसने जुलै २०१९ मध्ये पूर्ण इथेनॉलवर चालणारी अपाची आणली होती, आधी महाराष्ट्र, उत्तर प्रदेश आणि कर्नाटकसाठी. पण पंपच नसल्याने ती दुकानातच शोभेची राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने ८५ टक्के इथेनॉलपर्यंत चालणारी ३०० सीसीची गाडी आणली. ती बेज्जूरच्या गिऱ्हाईकासाठी नव्हे. बजाजची जुलै २०२४ मधली सीएनजी मोटरसायकल खर्चाला चोख, पण गॅसचा पंप जवळ हवा.

राहिली वीज. तेलंगणाने १८ नोव्हेंबर २०२४ पासून २०२६ अखेरपर्यंत विद्युत वाहनांचा रस्ता कर आणि नोंदणी शुल्क माफ केले. शंभर किलोमीटरला साधारण तीन युनिट लागतात, म्हणजे पंधरा-वीस रुपये. पेट्रोलला पावणेदोनशेच्या पुढे. पंप लांब आहे म्हणून बाटलीतून तेल घेणाऱ्या गावात विजेचा खांब मात्र पोहोचलेला असतो, त्यामुळे ही गाडी शहरापेक्षा खेड्याला अधिक सोयीची ठरू शकते. अडचण बॅटरीच्या किमतीची, दुरुस्तीची आणि पावसाळ्यातल्या भारनियमनाची. आणि हो, ही वीज येते कुठून? मंचेरियलजवळच्या जयपूरला सिंगरेणीचे १,२०० मेगावॉटचे, चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र. दोन्हीकडे कोळसाच. तरी विजेची गाडी उद्या सौर विजेवर चालेल. पेट्रोलची गाडी वीस टक्क्यांची सत्तावीस केली तरी बाकीचे पेट्रोलच राहील.

तेव्हा दुचाकीस्वारांचा विरोध हरित ऊर्जेला आहे हे म्हणणे चुकीचे, आणि ई-२० ने इंजिने जळतात हेही अतिरंजित. विरोध न विचारता, न सांगता, तेवढ्याच पैशात कमी ऊर्जा देण्याला आहे, आणि त्या विरोधात तथ्य आहे. जुन्या गाड्यांसाठी ई-१० चा एक तरी नळ तालुक्याच्या ठिकाणी असावा, प्रत्येक पंपावर इथेनॉलचे प्रमाण स्थानिक भाषेत लिहावे आणि दर ऊर्जेच्या हिशेबाने ठरावा. यातली एकही मागणी अवाजवी नाही. यातल्या दोन तर नीती आयोगाच्याच आराखड्यात आहेत. मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२५ च्या निवेदनानुसार ई-२० ची व्यवस्था ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे आणि पुढचे प्रमाण आंतरमंत्रालयीन समितीच्या अहवालानंतर ठरायचे आहे. देशात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत. समितीने प्रमाण वाढवण्याआधी कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटरसायकली बेज्जूर-अहेरीसारख्या रस्त्यांवर, बाटलीतले पेट्रोल घालून, एक पावसाळा चालवून पाहाव्यात आणि ते निकाल जाहीर करावेत.